स्वभावाची नोंद

दहा पावलांवर बिबट्याची मादी गुरगुरत उभी होती. प्राण्यांच्या स्वभावावर संशोधन करणारी विद्यार्थिनी मुक्ता जागची हलली नाही. हातातल्या यंत्रावर प्रश्न लुकलुकत होता : धीट की आक्रमक? 'आक्रमक' दाबलं, की तासाभरात ड्रोन येऊन मादीला जन्मभरासाठी पिंजऱ्यात नेणार.

"दाब गं पोरी," वाट दाखवायला आलेल्या येसूमावशी कुजबुजल्या. "उद्या याच वाटेनं पोरं शाळेला जायचीत."

तेवढ्यात मादीच्या मागे करवंदीच्या जाळीत पिल्लं कुईकुई करू लागली. मादी चालून येत नव्हती. नुसती आडवी उभी होती.

मुक्तानं 'धीट' दाबलं.

"अगं, पोरांचं काय?"

"पिल्लं इथून हलेपर्यंत मी पोरांना वरच्या वाटेनं नेईन, रोज," मुक्ता म्हणाली आणि एकेक पाऊल मागं सरू लागली.

गुरगुर हळूहळू थांबली.