शपथ नको

१९५८ साली कुवेतमध्ये, अबू हलीफाच्या एका गोदामात, क्रेनचा दोर तुटला आणि लोखंडी पाइप नझीरच्या अंगावर कोसळले. तो जागीच गेला. दोर झिजलाय, हे त्याचा थोरला भाऊ झहूर आठवडाभर ओरडून सांगत होता. पण फोरमनने झहूरला बाजूला घेऊन बजावलं, "चूक नझीरची होती असं सांग. नाहीतर पुढच्या बोटीने रत्नागिरीला परत जाशील."

गावी आता दोन्ही घरांच्या चुली झहूरच्या एकट्याच्या नोकरीवर पेटायच्या होत्या.

चौकशीला लंडनहून पार्लमेंटचा एक मेंबर आला. साक्षीच्या दिवशी झहूर नमाजाआधी करतात तशी वजू करून, हातपाय-तोंड धुऊन गेला. कुराणावर हात ठेवून आपल्याच्याने खोटं बोलवणार नाही. मग नोकरी गेली तर गेली, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

कारकुनाने कुराण पुढे केलं. साहेबाने त्याला हातानेच थांबवलं.

"राहू दे. मी देव मानत नाही. पार्लमेंटातसुद्धा मी बायबलला हात न लावता नुसता शब्द दिला, आणि तो पाळला. तुझाही शब्दच मला पुरे. सांग, चूक कुणाची?"

कारकुनाने ते हिंदीत सांगितलं, कुराण कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. झहूर रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला.



"माझ्या भावाची, साहेब."