सवतीचं तोंड

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीचा हिवाळा. लोणावळ्याच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. वर्गाच्या फरशीवर आठ रात्री काढून भागुबाईचं अंग मोडून गेलं होतं. शेजारच्या गादीवर तिची सवत शालन उताणी पडलेली. ऑपरेशन एका डोळ्याचं, पण पट्ट्या दोन्हींवर. मान हलू नये म्हणून डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. तिला पेज पाजायची, भांडं द्यायचं, सगळं भागुबाईनंच केलं. शिरगावाहून दुसरं येणार तरी कोण?

डोळे करून घ्यायला आल्या होत्या दोघीही. शालनचा मोतीबिंदू निघाला. भागुबाईच्या डोळ्यांत डॉक्टरांनी बराच वेळ बत्ती धरली आणि नुसती मान हलवली.

आज ते पट्टी सोडायला आले, तेव्हा तिनं पुन्हा विषय काढला.

"दादा, माजाबी डोळा कापा की. कडंकडंचं दिसतंय, मधलंच न्हाई. मानसाकडं बगावं तर तोंडाच्या जागी डाग."

डॉक्टर तिच्यापुढं उकिडवे बसले. सकाळपासून पट्ट्या सोडून तेही थकले होते.

"आजी, तुमचा मोतीबिंदू नाही. आतला पडदा मधोमध झिजलाय, वयानं. त्याला कापून उपयोग नाही."

"मंजी आंधळी व्हनार मी?"

"ठार आंधळ्या नाही होणार. कडेचं दिसत राहील. जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नका. नजर थोडी बाजूला लावा, म्हणजे जरा तरी दिसेल."

भागुबाईनं आठ दिवस ज्या आशेवर फरशी सोसली, ती एवढ्यात संपली.

डॉक्टरांनी शालनची पट्टी सोडली. डोळा पुसून जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवला आणि ते पुढच्या गादीकडं गेले. शालन छताकडं बघत राहिली, मग स्वतःच्या हातांकडं. मग तिनं शेजारी पाहिलं.

"अक्का, किती वाळलीस गं! केसबी समदं पांढरं झालं."

"व्हनारच की."

"आन मी? मी कशी दिसते, सांग की."

भागुबाई तिच्याकडं वळली. समोर डाग. त्याच्या कडेला कानाची पाळी, चष्म्याची काडी, पदर. चेहरा आठवावा म्हटलं, तर आठवेना. नवऱ्यानं हिला घरात आणली त्या दिवशी एकदाच पाहिली होती, हळदीच्या अंगानं दारात उभी असलेली, सतरा-अठरा वर्षांची. त्यानंतर दोघींनी एका चुलीवर रांधलं, एका खाचरात भात लावलं, नवराही दोघींनी मिळून पोचवला. पण हिचं तोंड बघायचं नाही म्हणून भागुबाईनं मनाशी ठरवलं होतं, आणि पस्तीस वर्षं ते पाळलं होतं.

"सांग की गं, अक्का."

भागुबाईनं नजर हळूच तिच्या खांद्यापलीकडं, भिंतीवरच्या फळ्याकडं नेली.

"हलू नगंस," ती म्हणाली. "बगतीया."