येतानाचं माप

पँट मांड्यांवरून वर आली, कमरेपर्यंतही आली, पण पुढचं हूक काही केल्या लागेना. ड्रायव्हरनं श्वास ओढून पोट आत घेतलं. ते पोट आत जाणाऱ्यांतलं नव्हतंच. डेपोत सगळे म्हणायचे, ह्याला हॉर्न वाजवायला हात लागत नाही.

"आई, ही लहान झालीय."

"झाली नाही. मी केलीय." आई शिलाई मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे झटकत होती. "मागची शिवण उसवून वीतभर आत घेतलीय."

बायको पलंगावर बॅग भरत होती. वकिलानं फोनवर सांगितलेलं तिनं घोकून ठेवलं होतं. नाडीचं काही चालत नाही, पट्टा नाही, बुटांना लेस नाही, गोळ्या न्यायच्या तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तेच तेच बनियन ती पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती. दुपारच्या आत तुरुंगाच्या फाटकावर हजर व्हायचं होतं. बस चालवताना त्याचा डोळा लागला होता आणि बस पुलाचा कठडा तोडून खाली गेली होती. अपील फेटाळलं गेलं. शिक्षा सात वर्षांची.

"अगं, पण आज घालायचीय ना मला ही! आज जायचंय."

"जाताना माणूस कसाही जातो," आई म्हणाली. "बघतात ते येताना."

"बॅगेत ठेव मग. दुसरी घालतो."

"बॅगेतलं वर्षभरात फाटतं, नाहीतर कोणीतरी पळवतं. अंगावर घालून जाशील ना, तेवढंच गाठोडं बांधून ठेवतात. सुटताना तेच हातात देतात. तुझ्या वडिलांना तेच दिलं होतं. पट्टा सापडत नाही म्हणाले."

 ड्रायव्हरला हे आठवत होतं, आणि आठवू नये असं फार वाटायचं. तुरुंगातून वाळून आलेले वडील गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत एका हातानं पँट धरून चालत आले होते. दारादारांत माणसं उभी होती. कुणीतरी फिसकन हसलं होतं. पुढे वडील पुष्कळ वर्षं जगले, पण त्या गल्लीतून मान वर करून कधी चालले नाहीत.

"मी नवे कपडे घेऊन जाईन ना फाटकावर," बायको म्हणाली. "तेव्हाच्या मापाचे."

आईनं चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"जाशील?"

बॅगेची चेन अडकली होती. सुनेनं ती ओढली, मागे घेतली, परत ओढली. हो म्हणायला वेळ कितीसा लागतो! ती चेनशीच झटत राहिली.

ड्रायव्हरला ते दिसलं. त्यानं पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. तो उगाच हसला आणि म्हणाला, "आणि मी आत जाऊन आणखी फुगलो तर?"

"आत कोणी फुगत नाही रे राजा," आई म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला. "मी असते तर तू आल्यावर बघितलं असतं मापाचं. तोवर मी काही राहत नाही. म्हणून आत्ताच करून टाकलं."

 त्यानं पट्टा घेतला, उघड्या हुकावरून करकचून आवळला. पँट राहिली. क्षणभर तो तसाच आरशासमोर उभा राहिला. मग तुरुंगातल्या शिपायापुढे कमरेचा पट्टा सोडत उभं राहण्याचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. त्यानं पट्टा काढला आणि दारामागच्या खिळ्याला अडकवला.

"घरीच राहू दे," तो म्हणाला. "हरवायला नको."

शर्ट बाहेर काढून त्यानं पोटावरून खाली ओढला. शर्टाखालून डाव्या हातानं पँट घट्ट धरली आणि उजव्या हातात बॅग घेतली. आईच्या पाया पडायला वाकावं तर पँट घसरणार, म्हणून त्यानं नुसतं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईनं त्याची पाठ थोपटता थोपटता मागची शिवण चाचपून पाहिली. ती पक्की होती.

बाहेर शेजारपाजार दारांत आलाच होता. एरवी कचऱ्याची गाडी आली तरी बाहेर न पडणारी माणसं आज सकाळी कुंड्यांना पाणी घालत होती. तो मधून चालत गेला. चालताना पाय आखडून टाकावे लागत होते. तो अर्ध्या गल्लीत जाईपर्यंत सून बघत उभी राहिली आणि मग आत निघून गेली.

कोपऱ्यावर तो थांबला, वळला. आईनं हात उंच केला. त्यानं एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा खाली कमरेकडे. बॅग खाली ठेवावी हे काही त्याला सुचलं नाही. त्यानं फक्त हनुवटी हलवली आणि कोपऱ्याआड गेला.

"बघा," समोरची बाई म्हणाली, "जाताना आईला साधा हातसुद्धा दाखवला नाही मेल्यानं."

"येताना दाखवेल," आई म्हणाली. "येताना हात मोकळा असेल त्याचा."