सुरात झालेली प्रार्थना

दारावर थाप पडली तेव्हा शिंपी मास्तर मशीनवर चादर टाकून नुसते बसून होते. गिऱ्हाइकांचे सगळे कपडे त्यांनी कालच पोहोचते केले होते, सैल झालेली बटणंसुद्धा घट्ट करून. मागे कुणाची कुरकुर नको. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं, आणि आज आपणच आपला शेवट करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"उघडा मास्तर. आत आहात ते माहीत आहे."

आवाज गाण्याच्या बाईंचा. प्रार्थनागृहात दर आठवड्याला त्या सगळ्यांकडून गाणं म्हणवून घेत. मास्तरांनी नाइलाजाने कडी काढली. बाईंच्या मागे कोपऱ्यावरचा पाववाला होता, भट्टीवरून तसाच प्रार्थनेला आलेला, कोपरापर्यंत पिठाने माखलेला, आणि त्याच्या मागे एक अनोळखी टॅक्सीवाला.

"प्रार्थना अर्धी टाकून आलोय," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"गाणं सुरात झालं."

"मग त्यात धावत येण्यासारखं काय?"

"पहिलं कडवं एकदम सुरात. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नाही. वळून बघते तर तुमची जागा रिकामी."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, जरा हळू गा म्हणून."

"हळू म्हटलं होतं. गप्प बसा नव्हतं म्हटलं."

बोलता बोलता बाईंची नजर झाकलेल्या मशीनकडे गेली. मग कपड्यांच्या दांडीकडे, जिच्यावर एकही कपडा नव्हता. त्या जवळ आल्या आणि जेवलात का विचारावं, इतक्या सरळ विचारलं, "मास्तर, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात होतं का?"

इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. मास्तरांना खोटं बोलता आलं नाही.

"होतं."

"आणि आता?"

"आता कळत नाही."

पाववाल्याने हातातली गरम पावाची पिशवी टेबलावर ठेवली. "आजपासून माझ्याकडे राहायचं. सकाळी आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. माझी बायको घोरते, तेवढं सांभाळून घ्या."

"अहो, पण माझा देवावर विश्वास नाही," मास्तर म्हणाले. "बायको होती म्हणून यायचो. पुढे पाय आपोआप वळायला लागले."

"आमचा तरी कुठे तुमच्या सुरावर आहे?" पाववाला म्हणाला.

मास्तरांना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि मग बराच वेळ रडू थांबेना. बाई पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

टॅक्सीवाला दारातच घुटमळत होता. "मी यांच्यातला नाही हं," तो म्हणाला. "आमची प्रार्थना वेगळी, वारही वेगळा. हे दोघं रस्त्यात आडवे येऊन गाडीत घुसले." मग आवाज उतरला. "आमच्यातलाही एक जण यायचा बंद झाला होता. आम्हाला वाटलं, गेला असेल कुठे बाहेरगावी. वेळेवर कुणी जाऊन बघितलं नाही."

बाईंनी खुर्ची ओढून त्याला बसवलं.

"चला, प्रार्थना अर्धी राहिलीय," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही सुरुवात करा."

"मी?"

"तुम्हीच. आणि मोठ्याने."

मास्तरांनी नाक पुसलं, घसा साफ केला आणि जो लागला तो सूर लावला. पाववाला त्यांच्या सुरामागे गेला आणि भरकटला. टॅक्सीवाल्याला शब्द येत नव्हते, तो नुसता हुंकार भरत राहिला. बाईंनी क्षणभर डोळे मिटले, मग आपला सूर सोडून मास्तरांचा धरला.

शेजारच्या बिऱ्हाडातून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. मास्तर ओशाळून थांबले.

"थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "अजून पुष्कळ कडवी आहेत."