खाडीतला खुंट

कशेळीच्या खाडीचा तळ कुणाच्या मालकीचा, यावरून राज्य सरकार आणि केंद्र सरकार अकरा वर्षं कोर्टात भांडत होती. एकाने पंच्याण्णव साली हद्द मोजली, दुसऱ्याने अठ्ठ्याण्णव साली, दोघांनीही खाडीतल्या त्याच जुन्या खुंटापासून. तरी नकाशे काही जुळेनात. शेवटी साक्षीसाठी म्हाताऱ्या चांगदेव कोळ्याला भिवंडीला बोलावलं. सहा तारखा नुसत्याच पुढं गेल्या, म्हणजे सहा दिवसांची मासळी गेली. सातव्या तारखेला वकिलांनी विचारलं, "बाबा, खुंट जुनाच ना?"

"बापाच्या हातचा हाय. जाळं बांधतो आमी त्याला."

"आणि जागा तीच?"

चांगदेवनं कठड्याला टेकून सुस्कारा सोडला.

 

"तीच कशी राहील, साहेब? मासळीची वाट बदलली का दरसाल उपटून दुसरीकडं ठोकतो."