मावशीचा वायदा

मी करून दिलेली वेबसाइट माझ्या शिवणकामवाल्या मावशीने मोडीत काढली. "सगळं इंग्रजीत. मला आणि माझ्या गिऱ्हाइकांना यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणाली. मग मराठीत नुसतं बोललं की वेबसाइट बनवून देणारं एक ॲप तिने कुठूनसं शोधून काढलं आणि मशीन चालवता चालवता त्याच्याशी गप्पा मारायला बसली.

ॲपने विचारलं, "कपडे शिवून कधी मिळतील?"

मान वर न करता मावशी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात नक्की."

तीस वर्षं ती प्रत्येकीला हेच सांगते, आणि गिऱ्हाइकंही हो म्हणून महिन्याभराने येतात. ॲप बिचारं भोळं. त्याने प्रत्येकीच्या ऑर्डरखाली ठळक मराठीत तारीख टाकली, वर रोज किती दिवस उरले तेही कळवत राहिलं.

आठव्या दिवशी सकाळी दुकानात सात जणी फोन पुढे धरून उभ्या होत्या. मावशीने पडद्यामागे जाऊन मला फोन लावला.

"अगं, तेवढी तारखेची ओळ इंग्रजीत करून देतेस का?"