तीन पात्यांची कट्यार

कट्यार ओरत्तनाडूला, नवऱ्या मुलाच्या घरीच राहिली, हे उघड झालं तेव्हा मुहूर्ताला पाऊण तास उरला होता. नवऱ्या मुलाचे काका रंगराव मांडवात उभे राहून घाम पुसत होते. कट्यार त्यांनीच देवघरात पूजेला ठेवली होती, आणि तिला मनोभावे नमस्कार करून ते रिकाम्या हातांनी बसमध्ये चढले होते.

"माझी भिंतीवर आहे, पण ती मिळायची नाही," मुलीचे आजोबा तुळजाजी म्हणाले.

त्यांचं चूक नव्हतं. टोकाला लिंबू खोचलेली कट्यार हातात धरल्याशिवाय या तंजावरी मराठ्यांतला नवरदेव अंतरपाटासमोर उभा राहत नसे, आणि पातं त्याच्या स्वतःच्या घरचं लागे. मुलीकडचं धरलं की तो घरजावई झाला. तंजावरात एवढी वर्षं काढली, तमिळ बोलले, सांबार ओरपलं, पण या एका बाबतीत कुणी तसूभर हललं नव्हतं.

"मग पुढचा मुहूर्त दोन महिन्यांनी," भटजी म्हणाले.

"असू दे की. दोन महिने काय, असे जातात," तुळजाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा जास्तच उत्साह होता.

नवरा मुलगा रघुपती पुढे सरकला. त्यानं रेशमी धोतराच्या कनवटीतून एक घडीचा चाकू काढला आणि आजोबांपुढे धरला. "ताता, हा चालंल का? माझ्या घरचाच आहे."

"कट्यार मिटत नाही, बाळा. हा मिटतो."

"मिटतो म्हणून तर रोज संगट असतो, ताता. कट्यार बघा, घरींच राहिली."

मांडव हसला. तुळजाजी हसले नाहीत. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या गोदामात माल तपासला होता, आणि परत धाडलेल्या कंदिलांची, कुलपांची तर गणतीच नव्हती. खाली बसून त्यांनी चष्मा चढवला. "सरी, ठीक आहे. आण इकडे."

मूठ म्हशीच्या शिंगाची, खिळे पितळी. एक मोठं पातं, एक कलमं बांधायचं बारीक पातं आणि एक दाभण. रघुपती पापनाशमला शेतकी खात्यात होता, आंब्यांवर कलमं बांधत हिंडायचा. तुळजाजींनी चाकू उजेडासमोर धरला. पाठीच्या पट्टीत आणि मुठीत फट दिसते का पाहिलं. दिसली नाही. सांध्यावरून नख फिरवलं, ते कुठे अडलं नाही. दाभण उघडलं, मिटलं. बारीक पातं उघडलं, ते धार लावून लावून निम्मं झालं होतं, तरी मिटताना टक्क वाजलं. दाभण आणि बारीक पातं दोन्ही एकदम उघडून मिटली, तरी एकमेकांना घासली नाहीत. दर खेपेला म्हाताऱ्याचा चेहरा थोडा थोडा उतरत होता.

मग त्यांनी मोठं पातं उघडलं, टोक चिमटीत धरलं आणि डावं-उजवं केलं. केसभर हललं.

"सैल आहे!" तुळजाजी ओरडले. "नापास."

"अहो तुळजाजीराव, लग्न आहे हें, रेल्वेचा माल नव्हे," रंगराव कळवळले.

"माझी नात आहे ती. माल असता तर एवढं बघितलं नसतं."

रघुपतीनं वाद घातला नाही. मांडववाल्याकडून हातोडी मागून घेतली, चाकू पाट्यावर आडवा ठेवला आणि मुंडावळ्या कानामागे सारून तो उकिडवा बसला. खिळ्याच्या डोक्यावर एक ठोका. दुसरा. पातं हलवून पाहिलं. तिसरा ठोका अगदी हलका, अंडं फोडावं तसा. मग त्यानं हातोडी बाजूला ठेवली.

"आणिक एक मार," तुळजाजी म्हणाले.

"नको, ताता."

"मार म्हणतों ना. पक्कं होईल."

"आणिक मारला तर उघडायचाच नाही."

हे तुळजाजींना त्याच्याआधी ठाऊक होतं. मारतो का ते त्यांना पाहायचं होतं. खरं तर त्यानं मारावा, अशीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी चाकू घेतला. पातं हलेना. टोकावर लिंबू टेकवून त्यांनी दोन्ही हातांनी जोर केला, मान लटलटेपर्यंत. लिंबू टोचलं गेलं, रस मनगटावर ओघळला, पातं मिटलं नाही. सोयरीक ठरल्यापासून आठ महिने ते या पोरात खोट शोधत होते. पोरगा कष्टाळू होता, मान राखणारा होता, आणि तो त्यांच्या नातीला, अंबाला, घेऊन जाणार होता. तेवढंच त्यांना सोसत नव्हतं.

लिंबू काढून त्यांनी पातं पुसलं, मिटलं.

"पास," ते म्हणाले.

मांडवात एकच धांदल उडाली. भटजींनी अंतरपाट झटकला, नादस्वरवाल्यांनी वाद्यं ओठांना लावली, रंगराव नवं लिंबू आणायला धावले. रघुपती हात पुढे करून उभा राहिला. तो तसाच उभा राहिला.

आतून अंबा बाहेर आली. नवरीनं एवढ्यात यायचं नव्हतं, पण तिला कुणी अडवलं नाही.

"ताता, द्या की तो त्यांना."

"देतों गं."

पण चाकू धरलेली त्यांची मूठ काही उघडेना. अंबा त्यांच्या पुढ्यात बसली आणि हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी त्यांचं एकेक बोट सोडवू लागली.